रिकामा रकाना

इतवारीच्या बर्फ कारखान्यात
रात्रपाळीला आम्ही चौघं.
अमोनियाचा वास, खारं पाणी, गंजलेले साचे,
आणि सुधन्वा बोकडेच्या तडकलेल्या फोनवर
पहाड.

हेमराज बारापात्रे, आमच्याच गल्लीचा,
हातमागाच्या खटखटीतून उठून फौजेत गेलेला,
छातीवर एक्क्याऐंशी नंबर.
पहिले तीस जण दाखवले.
गुडघे एकीकडे, खांदे दुसरीकडे,
लाल दांडा, निळा दांडा,
नडगीने धडक देत, फटाफट झोपवत खाली.
मग जाहिरात लागली, मग दुसराच कुठला खेळ.
एक्क्याऐंशी नंबरला कॅमेरा नसतो.
नावापुढे एक रकाना असतो फक्त,
आकडा यायचा असतो त्यात.

अर्ध्या वाटेवरचा आकडा आला.
बरा होता.
मग काहीच नाही.

"पडला असन," बोकडे म्हणाला.
आम्ही उठलो. साचे वर घेतले,
कोमट पाण्यात बुडवले,
लाद्या सुटून घसरत गेल्या फळीवरून
एकामागून एक, न अडता, न वळता.
परत आलो तर रकान्यात आकडा :
दोन मिनिटं, चौदा सेकंद, काहीतरी.
सगळ्यांत शेवटचा.
"चालत आला का बे!" कोणीतरी हसलं.
बहुतेक मीच.

मे महिन्यात तो आला.
शेहेचाळीस अंश. डांबरात चप्पल रुतत होती.
कारखान्यात शिरला, बूट काढले,
आणि न विचारता एका लादीवर
दोन्ही पाय ठेवून उभा राहिला.
नडग्यांवर निळे वळ, अजून ताजे वाटणारे.

"तिथला बर्फ अलग राहते," मी म्हटलं,
जाणकारासारखं.
आपल्या भाषेत तर एकच शब्द,
आभाळातून भुरभुरतो त्यालाही
आणि करवतीखाली किंचाळतो त्यालाही.
तो म्हणाला, "नाही ना.
आदल्या रात्री उतारात पाइप खुपसतात,
पाणी सोडतात. सकाळी घट्ट.
पहिल्यांदा धार टेकवली
अन् इतवारीचा आवाज आला."

मग जमिनीवरच्या भुशात
त्याने बोटाने उतार काढला,
काडेपेटी रिकामी केली,
एकेक काडी रोवत गेला.
एक काडी रोवून थांबला.
"इथं.
दांडा दोन पायांच्या मधून गेला.
एक पट्टी आत, एक बाहेर.
दोन्ही पाय एकाच अंगानं गेले पाहिजेत,
एवढाच तर कायदा आहे."

"कोण पाहत होतं पण तिथं?"
"एक म्हातारा. कानटोपी, गळ्यात पाटी.
त्या चार दांड्यांचा हिशेब त्याच्याकडं."

मग?
मग तो वर चढला.
खाली उतरायच्या खेळात
खेकड्यासारखा आडवा, सात पावलं,
पट्ट्या रुतवत, धापा टाकत,
वरून ब्याऐंशी नंबर कधीही सुटणार,
दांड्याला वळसा घातला,
उरलेले सगळे दांडे घेतले, एकही न चुकवता.

"काहून पण, बाप्पा?" बोकडे म्हणाला.
"उलसाक बाजूला होऊन थांबला असता."
हेमराजने काड्या गोळा केल्या, पेटीत भरल्या.
"तो लिहायले लागला होता," म्हणाला.
"मी म्हटलं, थांब जरा."

बाहेर बर्डीच्या रसवंतीची हातगाडी आली.
तो लादीवरून उतरला.
दोन खळगे पडले होते,
टाचा खोल, बोटं उथळ,
डावा थोडा जास्त.
गाडीवाल्याचं लक्ष नव्हतं,
तो घाम पुसत उभा.
बोकडेने अंकुश लावून लादी ओढली,
गोणपाट टाकायच्या आधी मला हळूच म्हणाला,
"उलटी ठेव."